महिना नव्हे, क्रम : तान्ह्या बाळाच्या पहिल्या वर्षाविषयी

तान्हं बाळ असलेल्या घरात आलेला पाहुणा टेकतो न टेकतो तोच विचारतो, “मान धरली का? पालथं पडतं का?” उत्तर मनासारखं आलं नाही की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, “आमचा नातू तर पाचव्यातच बसला होता!” पाहुणा चहा पिऊन निघून जातो. बाळाची आई मात्र त्या रात्री पाजताना बोटांवर महिने मोजत राहते.

हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. बाळ अमुक गोष्ट कितव्या महिन्यात करेल, याचं उत्तर फार सैल असतं. कशानंतर काय करेल, याचं उत्तर त्यापेक्षा खूपच पक्कं असतं. आणि एका टप्प्यावर असताना बाळ पुढच्या टप्प्याची तयारी उघड्यावर, आपल्या डोळ्यांसमोर करत असतं. ती तयारी ओळखता आली की कॅलेंडरकडे बघायची गरज बरीच कमी होते.

महिने किती सैल असतात, ते आधी पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात निरनिराळ्या देशांतल्या निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळांची वाढ नोंदवली. हालचालींच्या टप्प्यांची नोंद घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या मुलांवरून झाली. भारतातली मुलं दिल्लीची होती. या निरोगी मुलांत आधाराशिवाय बसण्याचं वय जेमतेम चार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत पसरलेलं होतं. एकट्याने चालण्याचं वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे एक मूल दुसऱ्याच्या नऊ महिने आधी चाललं, तरी दोघंही अगदी ठणठणीत असू शकतात. शंभरातली चारेक मुलं तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बसल्या बसल्या सरकलं, कुणी पोटावर सरपटलं आणि तिथून थेट उभं राहिलं.

मग क्रम कसला? वाढ डोक्याकडून पायांकडे उतरते आणि धडाकडून बोटांच्या टोकांकडे जाते. आधी मान, मग खांदे, मग पाठ, मग कंबर, शेवटी पाय. हातातही आधी खांदा, मग कोपर, मग तळवा, शेवटी अंगठा आणि तर्जनी. मेंदूकडून निघालेला संदेश स्नायूपर्यंत वेगाने पोचायला मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढावं लागतं. जन्मावेळी ते बहुतेक ठिकाणी अपुरं असतं आणि पुढे टप्प्याटप्प्याने चढत जातं. खुद्द मेंदूही पहिल्या वर्षात वजनाने दुपटीहून अधिक वाढतो. त्याला जागा मिळावी म्हणून कवटीची हाडं सुटी असतात. कपाळाच्या वरची मऊ टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान भरून येते, कधी थोडी उशिराही. तेल थापल्याने ती लवकर भरत नाही. हात लावायला भिण्याचंही कारण नाही. मात्र बाळ शांत असताना ती फुगीर वाटली, किंवा जुलाब-उलट्या होत असताना खोल गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

नवजात बाळाच्या बहुतेक हालचाली त्याच्या इच्छेने होत नाहीत. गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळतं. तळव्यात बोट ठेवलं की मूठ आवळली जाते. मोठा आवाज झाला की दोन्ही हात फाकतात आणि पुन्हा छातीशी येतात. आपण म्हणतो, बाळ दचकलं. हे दचकणं चार ते सहा महिन्यांत मावळतं आणि ते मावळायलाच हवं, कारण आपोआप होणारी हालचाल मागे हटल्याशिवाय ठरवून केलेली हालचाल पुढे येत नाही.

यातली एक गंमत घरोघरी पाहिली जाते. पंधरा-वीस दिवसांच्या बाळाला काखेत धरून पाय जमिनीला टेकवले की ते चक्क पावलं टाकतं. दोन महिन्यांच्या सुमारास हे थांबतं आणि आजीला वाटतं, पायातली ताकद गेली. एस्थर थेलन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात याचा छडा लावला. ज्या बाळांनी पावलं टाकणं कमी केलं होतं, त्यांचे पाय त्यांनी पाण्यात बुडवून धरले. पाण्याने भार उचलला आणि पावलं पुन्हा पडू लागली. हालचाल विसरली गेली नव्हती. पहिल्या दोन महिन्यांत मांड्यांवर चरबी भराभर चढते, तेवढं वजन उचलण्याइतके स्नायू अजून तयार नसतात, इतकंच.

नवजात बाळाला वीतभराच्या थोडं पुढे, म्हणजे वीस ते तीस सेंटिमीटरपर्यंतचं बरं दिसतं. पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. सहा आठवड्यांच्या आसपास कधीतरी बाळ त्या चेहऱ्याकडे टक लावून बघतं, क्षणभर स्तब्ध होतं आणि हसतं. झोपेत ओठ मुडपतात ते हसू वेगळं. हे हसू कुणाला तरी उद्देशून असतं. विकासाच्या सगळ्या टप्प्यांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण बाळ बघतंय, ओळखतंय आणि उत्तर देतंय, या तिन्हींची खात्री एकदम होते. तीन महिने पूर्ण झाले तरी बाळ नजरेला नजर देऊन हसत नसेल, तर डॉक्टरांना सांगायला हवं.

याच सहा आठवड्यांच्या सुमारास रडण्याचीही कमाल होते. तिन्हीसांजेला सुरू झालेलं रडणं दोन-दोन तास थांबत नाही. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, तरी रडतं. घरात दृष्ट काढली जाते, आईच्या जेवणातली डाळ बंद होते. बाळ एरवी नीट पीत असेल, त्याचं वजन वाढत असेल, ताप-उलटी नसेल, तर हे रडणं तीन-चार महिन्यांपर्यंत आपोआप ओसरतं. तोवर घरातल्यांनी आळीपाळीने घ्यावं. वैताग अनावर झाला तर बाळाला उताणं, सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाजूला व्हावं. बाळाला गदागदा हलवू मात्र कधीही नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मान धरण्याची सुरुवात पोटावर होते. झोपवायचं नेहमी उताणं, पण जागं असताना, समोर कुणीतरी बसलेलं असताना दिवसातून अनेकदा पालथं घालायचं. पहिल्या महिन्यात बाळ नाक घासत मान जेमतेम एका बाजूला वळवतं. दोन महिन्यांत हनुवटी उचलतं. तीन-चार महिन्यांत कोपरांवर रेलून छाती उचलतं आणि समोर बघतं. मान बहुधा इथेच पक्की होते. मग तळहातांवर जोर देऊन वर येतं, वजन एका हातावर टाकून दुसऱ्याने खेळणं ओढतं, आणि तोल जाऊन एके दिवशी कलंडतं. हे कलंडणं म्हणजेच कुशीवर वळण्याची पहिली फेरी. दिवसभर पाळण्यात किंवा कडेवर असणाऱ्या बाळाला हा सराव मिळत नाही आणि त्याची मान, पाठ थोडी मागे राहू शकते. जमिनीवरची सतरंजी हीच या वयाची व्यायामशाळा.

दुपट्यात गुंडाळण्याविषयीही इथेच सांगायला हवं. हात आत घेऊन सैल गुंडाळलं तर लहान बाळाला बरं वाटतं, पण पाय सरळ ताणून घट्ट बांधणं खुब्याच्या सांध्याला घातक असतं. बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले आणि गुडघ्यात मुडपलेले राहू द्यावेत. मान धरल्यावर आपल्याकडे बाळ कडेवर घेतात, त्यात मांड्या आपसूक फाकलेल्या राहतात. खुब्यासाठी ती बैठक उत्तम. बाळ कुशीवर वळू लागलं की मात्र गुंडाळणं बंद.

हातांची गोष्ट सावकाश बघण्यासारखी आहे. पहिले काही आठवडे मुठी मिटलेल्या. दोन महिन्यांनंतर त्या उघडू लागतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळाला स्वतःच्या हाताचा शोध लागतो. उताणं पडून ते हात डोळ्यांसमोर धरतं, फिरवतं, पुन्हा बघतं, मग दोन्ही हात छातीवर एकमेकांत अडकवतं. बघणं आणि हलवणं यांची गाठ पडते ती इथे. मग टांगलेल्या खुळखुळ्याला हात मारणं सुरू होतं. आधी दहातले नऊ फटके हुकतात. पाचव्या महिन्यापर्यंत वस्तू पंजात येते आणि तडक तोंडात जाते. ओठ आणि जीभ या वयात बोटांपेक्षा तल्लख असतात, वस्तूचा आकार आणि पोत बाळ तोंडाने वाचतं. तेव्हा ते अडवण्यापेक्षा खेळणी धुऊन ठेवावीत.

सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ एका हातातली वस्तू दुसऱ्या हातात देतं. एका हाताला वाटी दिली आणि मग चमचा पुढे केला, तर पूर्वी वाटी पडायची. आता ती दुसऱ्या हातात जाते. शरीराची डावी-उजवी बाजू मिळून काम करू लागल्याची ही खूण. पुढे जेवणाच्या ताटापाशी बसलेल्या बाळाकडे बघा. सतरंजीवर भाताचं शीत सांडलंय. सात महिन्यांचं बाळ चारी बोटांनी ते खरवडतं, शीत बोटांखाली चिरडतं, तळव्याला चिकटतं. नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि तर्जनी पुढे करतं, जरा थरथरतं, पण शीत उचलतं. वर्षाचं बाळ तेच टोकाटोकाने अलगद टिपतं. आणि उचलण्यापेक्षा अवघड असतं ते ठरवून सोडणं. दहाव्या महिन्यानंतर चमचा खाली टाकायचा, वाकून बघायचं, आपण दिला की पुन्हा टाकायचा, हा उद्योग चालतो. तो हट्ट नाही, बोटं सोडण्याचा सराव आहे.

चिमटीत धरता येऊ लागल्याचा दुसरा अर्थ असा की आता शेंगदाणा, फुटाणा, मणी, बटण, घड्याळाची चपटी बॅटरी हे सगळं बाळाच्या हाती लागू शकतं. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात डोक्यावरून बोरं, हरभरे, उसाचे करवे ओततात आणि भोवतीची पोरं ते वेचतात. त्या गर्दीत बाळाने एखादा हरभरा तोंडात घातला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हौस जरूर करावी, पण ओतायच्या जिनसांमध्ये घशात अडकेल असं काही ठेवू नये.

बसण्याची वाटही अशीच पायऱ्यांची. आधी पाठीला उशा, मग दोन्ही हात पुढे टेकून तिवईसारखं, मग एक हात सुटा, मग दोन्ही. बाजूला तोल गेला तर त्या बाजूला हात टेकवायचं भान आलं की बसणं पक्कं झालं. तिथून पुढे वाकायचं, हातावर यायचं, गुडघे ओढायचे, पुढेमागे झुलायचं. कित्येक बाळं आधी मागेच सरकतात, कारण हात पायांपेक्षा बळकट झालेले असतात. मग पलंगाची कड धरून उभं राहणं येतं. उभं राहता येतं, पण बसता येत नाही, म्हणून ते रात्री पाळण्याचा कठडा धरून उभं राहतं आणि रडतं. त्याला गुडघे मुडपून खाली बसायला दिवसा शिकवावं. मग कड धरून बाजूबाजूने चालणं, एक हात सोडणं, आणि एके दिवशी दोन मोकळी पावलं.

या टप्प्यावर हटकून वॉकर भेट येतो, बसकी असलेला, चाकांचा. तो घेऊ नये. बाळ त्यात लोंबकळून पायाच्या बोटांवर ढकलतं, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल सांभाळायची वेळच येत नाही, आणि ते जिना किंवा चुलीपर्यंत नको तितक्या वेगाने पोचतं. कॅनडाने 2004 मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा यापेक्षा कितीतरी शहाणा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं, मागून ढकलतं आणि तोल त्याचा त्यालाच सावरावा लागतो. अर्थात कुणीतरी शेजारी हवंच.

आठव्या-नवव्या महिन्यात एक बदल असा होतो की घरच्यांना वाटतं, बाळ बिघडलं. कालपर्यंत कुणाकडेही जाणारं पोर आज मावशीकडे बघून ओठ काढतं, आई स्वयंपाकघरात वळली तरी टाहो फोडतं. हे पुढे पडलेलं पाऊल आहे. डोळ्यांआड झालेली वस्तू कुठेतरी आहेच, हे आता त्याला कळतं. स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजेंनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून हा टप्पा साधारण आठव्या महिन्याशी जोडला. पुढच्या अभ्यासांत ही समज त्याआधीही अंधूकपणे असते असं दिसलं, पण लपवलेली वस्तू हाताने शोधणं याच सुमारास येतं. खुळखुळ्यावर रुमाल टाकून बघा. पाच महिन्यांचं बाळ दुसरीकडे वळतं, नऊ महिन्यांचं रुमाल ओढतं. आई दिसत नसली तरी कुठेतरी आहे हे कळलं, म्हणूनच तिला बोलावायला रडायचं. पदराआड तोंड लपवून ‘बुवाऽ कुक’ करण्याचा खेळ याच वयात इतका रंगतो, तो यामुळे. बाळाला न सांगता मागच्या दाराने सटकण्यापेक्षा ‘येते हं’ म्हणून, हात हलवून जावं. दोन मिनिटं रडेल, पण सांगून गेलेलं माणूस परत येतं हे शिकेल.

बोलण्याची तयारी जन्मापासून सुरू असते. जन्मल्यावर काही दिवसांतच बाळ आईचा आवाज ओळखतं. दोन-तीन महिन्यांत ‘आ-गू’ सुरू होतं, सहाव्या-सातव्यानंतर ‘बाबाबा, दादादा’. त्यात बाप किंवा भाऊ अजून नसतो, नुसती जिभेची कसरत असते. इथे एक धोका लपलेला आहे. जन्मतः ऐकू न येणारं बाळही रडतं, हसतं, सुरुवातीचे हुंकार देतं, त्यामुळे सहा महिने कुणाला शंका येत नाही. म्हणून प्रसूतिगृहातून निघण्यापूर्वीच श्रवणाची तपासणी करून घ्यावी. ती वेदनारहित असते आणि काही मिनिटांत होते.

कॅनडातल्या जॅनेट वर्कर यांचा 1984 चा प्रयोग मराठी घरांनी जाणून घ्यावा असा आहे. हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांना बहुधा ऐकू येत नाही. पण इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो ओळखता आला. वर्षाच्या आसपास पोचेपर्यंत ती क्षमता जवळजवळ गेली, कारण तो फरक त्यांच्या कानांवर पडतच नव्हता. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वाढणाऱ्या मराठी बाळाशी ‘कळायला लागलं की बोलू मराठीत’ असं म्हणून थांबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. टीव्ही आणि मोबाइलमधला आवाज मात्र यात फारसा कामाचा नाही. बाळाने आवाज काढला, आपण थांबून उत्तर दिलं, त्याने पुन्हा काढला, या देवाणघेवाणीतून भाषा येते. आंघोळ घालताना, कणीक मळताना जे करतोय ते बोलत राहावं. वर्षाच्या सुमारास बाळ एका बोटाने चिमणी दाखवतं आणि वळून आपल्याकडे बघतं. पहिल्या शब्दाइतकंच ते बोट महत्त्वाचं.

वजनाविषयी थोडक्यात. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या दहाव्या भागापर्यंत घट होऊ शकते, ती दहा ते चौदा दिवसांत भरून येते. पहिले तीन महिने दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढ, पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाची दुप्पट, वर्षाला तिप्पट. म्हणजे वेग उत्तरोत्तर कमीच होतो. रांगू लागलेलं बाळ ‘उतरलं’ असं वाटतं ते यामुळेही. माता-बाल संरक्षण कार्डावरचा आलेख आपल्याच बाळाच्या मागच्या ठिपक्याशी ताडून बघावा. रेष खालच्या बाजूला असली तरी वर चढत असेल तर ठीक. ती सपाट झाली किंवा खाली वळली तर लगेच विचारावं.

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मे महिन्यातही वरचं पाणी लागत नाही. गुटी, मध, जन्मघुटी काही नको. मधात असू शकणारे जंतू वर्षाआतल्या बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून उष्टावणाची वेळ टाळू नये. आणि चमच्यावरून ओघळेल असं पाणचट काही देऊ नये. वरणाच्या पाण्याने पोट भरतं, अंग भरत नाही. कुसकरलेला घट्ट वरणभात, तूप, नाचणीची खीर, शिजवलेली पालेभाजी, चालत असेल त्यांच्याकडे अंडं, मासे काटे काढून. खालचे दोन दात बहुधा याच सुमारास येतात, कधी वर्ष होईपर्यंत येत नाहीत. दातांमुळे लाळ गळते, चिडचिड होते. जोराचा ताप आणि जुलाब मात्र दातांच्या माथी मारू नयेत, त्यांचं कारण वेगळं असतं.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना दोन वर्षांचं होईपर्यंत तेवढे आठवडे वजा करायचे. दोन महिने लवकर आलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं, तर त्याच्याकडून तीन महिन्यांच्या बाळाची अपेक्षा ठेवावी. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

आता ज्या ठिकाणी ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, त्या सांगते. पाच महिने झाले तरी मान लटकते. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्या. नऊ महिन्यांनंतर आधाराशिवाय बसत नाही, किंवा ‘बाबाबा’सारखे आवाज नाहीत. वर्षाला आधाराने उभं राहत नाही, अठरा महिन्यांना चालत नाही. वर्षाआतच एकच हात वापरतं, कारण डावखुरेपणा इतक्या लवकर ठरत नसतो आणि दुसरी बाजू अशक्त असू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचं, येत असलेली गोष्ट करणं सोडून दिलं. हे कुठल्याही वयात घडलं तरी वाट बघायची नाही. क्रम उलटा फिरणं हा नेहमीच इशारा असतो.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न गावाकडे मोठा असायचा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्यामुळे तिथल्या नवजात मृत्यूंत झालेली मोठी घट 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, पुढे तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी. त्यांच्यापुढे मनातली शंका बोलून दाखवावी. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातला उशीर तपासला जातो. पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत आणि तिथली सेवा मोफत मिळते. जाताना माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावं, आणि बाळ घरी निवांत असताना काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा. परक्या खोलीत रडणारं बाळ डॉक्टरांना फारसं काही करून दाखवत नाही. सतरंजीवर पडून खुळखुळ्याकडे हात नेणारं बाळ दोन मिनिटांत बरंच सांगून जातं.